पाताळाचा भूगोल : पंडिता रमाबाईंचे जीवन आणि त्यांचे प्रवासवृत्त

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची मांडणी आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झाली आहे. एक अंग स्त्रीशिक्षणाचे व समाजसुधारणेचे, तर दुसरे धर्मांतराचे. या दोन्हींच्या कडेला त्यांच्या जीवनाचे एक तिसरे सूत्र राहिले, ते प्रवासाचे. जन्मानंतर अवघ्या काही महिन्यांत सुरू झालेली त्यांची भटकंती वयाच्या तिशीपर्यंत अखंड चालू होती. या भटकंतीच्या अखेरीस, १८८९ मध्ये, त्यांनी ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवासलेखनात या ग्रंथाचे स्थान मोठे आहे; तरीही मराठी वाङ्मयेतिहासात त्याचा निर्देश दीर्घकाळ ओझरताच होत राहिला. ग्रंथकर्त्रीच्या धर्मांतरामुळे तो मराठी वाचकाच्या दृष्टीआड झाला, हे त्याचे एक कारण आहेच. परंतु रमाबाईंचे जीवन प्रवासाच्या सूत्राने पुन्हा पाहिले, तर हा ग्रंथ त्यांच्या पूर्वायुष्याशी, विशेषतः त्यांच्या पुराणिकपणाशी, किती घट्ट बांधलेला आहे हे ध्यानी येते.

१

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरजवळच्या प्रदेशातील चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थिदशेत पुण्यास असताना त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडची संस्कृत वाणी ऐकून अनंतशास्त्र्यांच्या मनात आपल्या पत्नीस शिकविण्याचा विचार आला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे तो साधला नाही. पुढे ते विधुर झाले आणि यात्रेत असता गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाची नऊ वर्षांची कन्या त्यांना देण्यात आली. तीच रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. हा विवाहही प्रवासातच जुळला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविल्याबद्दल अनंतशास्त्र्यांना धर्मपंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. उडुपी येथील पंडितांच्या सभेत त्यांनी शास्त्राधार दाखवून आपले म्हणणे राखले. मात्र वस्तीतला विरोध टळावा म्हणून त्यांनी सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे आश्रम बांधला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, विद्यार्थ्यांचा व यात्रेकरूंचा राबता मोठा होता. आतिथ्याच्या खर्चाने द्रव्य सरले, कर्ज झाले आणि आश्रम सोडावा लागला. रमाबाई तेव्हा सुमारे सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटीत निजवून एका माणसाच्या डोक्यावरून त्यांना अरण्याबाहेर आणण्यात आले. पुढील कित्येक वर्षे या कुटुंबाला कायमचे घर लाभले नाही.

२

डोंगरे कुटुंबाचा योगक्षेम पुराणकथनावर चाले. देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर वा एखाद्या वृक्षाखाली बैठक घालावी, पोथी उघडावी, संस्कृत श्लोक मोठ्याने वाचावेत आणि श्रोत्यांना कळेल अशा भाषेत त्यांचा अर्थ सांगावा, असा हा क्रम असे. श्रोते पोथीपुढे नाणी, फळे, फुले वा धान्य ठेवीत. मागून घ्यावयाचे नाही, पुढे येईल ते घ्यावयाचे, हा पुराणिकाचा रिवाज. एका क्षेत्री काही आठवडे वा महिने मुक्काम होई. मग पुढच्या क्षेत्राची वाट. प्रवास पायी.

रमाबाईंचे शिक्षण या वाटेवरच झाले. वयाच्या आठव्या वर्षापासून पुढे आईने त्यांना संस्कृत शिकविले. पहाटे, घरकामाला लागण्यापूर्वी, लक्ष्मीबाई मुलीला जवळ घेऊन पाठ देत. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते.

या पाठांतराचा एक भाग येथे विशेष महत्त्वाचा आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात विश्वाची रचना सांगितली आहे. मध्यभागी जंबुद्वीप व मेरुपर्वत. त्याभोवती एकाआड एक द्वीपे आणि क्षारोद, इक्षुरसोद, सुरोद, घृतोद, क्षीरोद इत्यादी सात समुद्र. पृथ्वीच्या खाली अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ हे सात लोक. त्यांपैकी सुतलात बळिराजाचे वास्तव्य. हा भूगोल रमाबाईंना वाचून नव्हे, मुखोद्गत असा ठाऊक होता आणि तो त्यांनी घाटाघाटांवर श्रोत्यांना सांगितला होता. त्या काळी मराठी शाळांतून वेगळाच भूगोल शिकविला जात होता. सुबाजी बापू यांनी सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या प्रेरणेने १८३६ मध्ये ‘शिरोमणिप्रकाश’ लिहून पुराणांतील भूगोल, भास्कराचार्यांचे सिद्धांत आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना मांडली होती. म्हणजे दोन भूगोलांचा वाद मराठीत पाऊणशे वर्षांचा होत आला असताना नव्हे, तर ऐन रंगात असताना रमाबाई वाढत होत्या. पण त्या वाढत होत्या शाळेबाहेर, जुन्या भूगोलाच्या प्रदेशात. तीर्थे हीच त्यांच्या मार्गावरची स्थळे, आणि दोन तीर्थांमधील अंतर मोजावयाचे ते पायांनी.

या पायपिटीची किंमत जबर होती. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास येणाऱ्यांच्या ओंजळी रिकाम्या झाल्या. अंगावरचे दागिने, भांडीकुंडी, वस्त्रे विकली गेली. तिरुपतीजवळच्या अरण्यात कुटुंबाने पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढले. १८७४ च्या सुमारास अनंतशास्त्री वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई गेल्या. अखेरच्या दिवसांत आईसाठी भाकरीचा तुकडा मागावयास रमाबाई एका दाराशी उभ्या राहिल्या. पण ज्या घराण्याने मागून घेतले नाही त्याच्या लेकीच्या तोंडून शब्द फुटेना. आईच्या तिरडीला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा चौथी बाजू रमाबाईंनी उचलली आणि उंची कमी असल्याने ती डोक्यावर घ्यावी लागली. पुढे वडील बहीण कृष्णाबाईही पटकीने गेली. उरले ते रमाबाई आणि वडील भाऊ श्रीनिवासशास्त्री.

ही भावंडे दक्षिणेतून उत्तरेकडे काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे चालत गेली. रमाबाईंच्या नंतरच्या आठवणींनुसार हे अंतर चार हजार मैलांहून अधिक भरते. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणून त्यांत निजावे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यावी, असे केले. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. व्रते केली, तीर्थे झाली, पुराणांत सांगितलेली स्थळे डोळ्यांनी पाहिली. परंतु सांगितलेले फळ काही दिसले नाही. श्रद्धेला पहिला तडा पुस्तकाने दिला नाही, प्रवासाने दिला.

३

कलकत्त्याच्या पंडितसभेने वीस वर्षांच्या या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या मंडळींशी परिचय झाला. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत देऊन वाचावयास सांगितले. स्त्रियांना वेदाधिकार नाही असे बालपणापासून ऐकलेल्या रमाबाईंच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती. मे १८८० मध्ये डाक्का येथे श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी बांकीपूर येथे नोंदणीपद्धतीने विवाह केला. वर कायस्थ, वधू ब्राह्मण. विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीयही. सिल्चर येथे दोघांचा संसार झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचा अंत झाला. संसाराची मुदत अल्प ठरली.

एप्रिल १८८२ मध्ये रमाबाई तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या. मातापित्यांची भाषा मराठी असली, तरी महाराष्ट्रातील त्यांचा हा पहिलाच दीर्घ मुक्काम. न्यायमूर्ती रानडे, रमाबाई रानडे, काशीबाई कानिटकर यांच्या सहवासात आर्य महिला समाजाचे काम उभे राहिले. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक निघाले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांच्या गरजेवर भर दिला. स्वतः वैद्यक शिकावे या उद्देशाने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. प्रवासखर्चाचा मोठा भाग ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून उभा राहिला. पुराणिकाच्या मुलीचा निर्वाह पोथीऐवजी आता छापील पुस्तकावर होऊ लागला, एवढाच फरक.

या प्रवासाचे वृत्त त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना पत्ररूपाने लिहून पाठविले आणि ते ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने १८८३ मध्येच छापले गेले. त्याचा विस्तार लहान आहे. पुढील ग्रंथाची पूर्वतयारी म्हणून मात्र ते महत्त्वाचे ठरते. परदेशगमन हे धर्मबाह्य मानणाऱ्या वाचकाला आपल्या जाण्याचे प्रयोजन समजावून देण्याची निकड त्यात स्पष्ट दिसते.

४

इंग्लंडमधील तीन वर्षे रमाबाईंच्या जीवनात सर्वांत वादग्रस्त ठरली. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. पाठोपाठ २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. श्रवणशक्ती क्षीण असल्याने वैद्यकाचा मार्ग बंद झाला. चेल्टनहॅम येथे डोरोथिया बील यांच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या.

धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी सर्वच बदलू दिले, असा समज मात्र त्यांच्या पत्रव्यवहाराने खोटा ठरतो. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या सिद्धांतांच्या बरोबरीने ताटातल्या पदार्थांचीही चर्चा आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले गोड पक्वान्न त्या खात नसत. भगिनींना यात जातिगर्वाचा अवशेष दिसे, तर रमाबाईंना तो आपल्या विवेकाचा प्रश्न वाटे. क्रुसावरील लेख लॅटिनमध्ये का असावा, संस्कृतात का नसावा, असाही त्यांचा आक्षेप होता. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, यावर बिशपांनी प्रतिकूल मत दिले, तेही त्यांना मान्य झाले नाही. परक्या देशातील चालीरीती पाहाव्यात, तपासाव्यात, पटेल ते घ्यावे आणि न पटेल ते स्पष्ट नाकारावे, ही दृष्टी या संघर्षात घडली. हीच दृष्टी पुढे अमेरिकेविषयीच्या ग्रंथाचा कणा झाली.

५

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला निघाल्या. निमित्त होते नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यक पदवीदान समारंभाचे. तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना निमंत्रण दिले होते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. थोड्या दिवसांसाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत पावणेतीन वर्षे राहिल्या. मनोरमेला त्यांनी वाँटेजला परत पाठविले. आई एका खंडात आणि पाच वर्षांची मुलगी दुसऱ्या खंडात, अशी ही वर्षे गेली. आनंदीबाई स्वदेशी परतून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या.

अमेरिकेत रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, गावोगावी व्याख्याने दिली, शाळा, रुग्णालये, तुरुंग व स्त्रीसंघटना पाहिल्या. फ्रान्सेस विलर्ड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांशी त्यांचा स्नेह जुळला. वॉशिंग्टन येथे १८८८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषदेत त्या बोलल्या. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने मान्य केले. १८८८ च्या अखेरीस रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून जपान व हाँगकाँगमार्गे निघाल्या आणि १८८९ च्या आरंभी मुंबईस पोहोचल्या. पश्चिमेकडे निघून पूर्वेकडून परत येणे, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा, त्यांच्या हातून घडली होती. मेरूभोवतीची प्रदक्षिणा ज्यांनी श्लोकांतून शिकली व सांगितली, त्यांनी गोल पृथ्वीची प्रदक्षिणा प्रत्यक्ष केली.

६

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या तिथीस, मुंबईत ‘शारदासदन’ सुरू झाले. उद्घाटनप्रसंगी अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेविषयीचा मराठी ग्रंथ बाहेर पडला. त्याच डिसेंबरात मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास रमाबाई प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या. शाळा, ग्रंथ आणि राष्ट्रीय सभा या तिन्ही घटना एकाच वर्षातल्या आहेत आणि ग्रंथाचा अर्थ लावताना त्या एकत्र पाहाव्या लागतात.

१८८७ चे इंग्रजी पुस्तक आणि १८८९ चा मराठी ग्रंथ यांची तुलना उद्बोधक आहे. पहिले पुस्तक अमेरिकन वाचकाला हिंदू स्त्रीची स्थिती सांगते. दुसरे मराठी वाचकाला अमेरिकेची स्थिती सांगते. पहिल्याचा हेतू सहानुभूती व साहाय्य मिळविणे हा होता. दुसऱ्याकडून असा कोणताही लाभ संभवत नव्हता. उलट, धर्मांतरित विधवेने लिहिलेला ग्रंथ मराठी वाचक हाती घेईल की नाही, हीच शंका होती. तरीही त्यांनी तो मराठीत लिहिला. मराठी वाचकापुढे एका स्वतंत्र, प्रजासत्ताक राष्ट्राचे चित्र ठेवावे, हा त्यामागील हेतू ग्रंथाच्या रचनेतूनच उघड होतो.

ग्रंथनामात ‘लोकस्थिति’ हा शब्द आधी येतो आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. हा क्रम सहेतुक आहे. आरंभी लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या समुद्रप्रवासाचे वर्णन येते. त्यानंतर मात्र प्रवास करणारी व्यक्ती मागे सरते आणि देश पुढे येतो. खंडाचा शोध, वसाहतींचा इतिहास, राज्यव्यवस्था, घरे व ऋतुमान, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार व उद्योग अशी विषयवार मांडणी रमाबाईंनी केली आहे. या पद्धतीचा एक आदर्श त्यांच्यापुढे होता, तो हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेच्या अमेरिकाविषयक ग्रंथाचा. पाहिलेल्या स्थळांची दैनंदिनी न देता समाजाचे अवयव एकेक करून उलगडावे, हा धडा त्यांनी तेथून घेतला.

परंतु मराठी ग्रंथाचा सूर मार्टिनोचा नाही, तो पुराणिकाचा आहे. याचे सर्वांत ठळक गमक म्हणजे अमेरिकेसाठी योजिलेला ‘पाताळ’ हा शब्द. आपल्या पायांखाली पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस असलेला देश म्हणून अमेरिकेला पाताळ म्हणण्याचा प्रघात मराठीत होता. रमाबाई हा शब्द टाळीत नाहीत. श्रोत्याच्या मनातील पाताळाची कल्पना त्या प्रथम जवळ करतात आणि मग त्याला कोलंबसाच्या गलबतापाशी नेतात. जुना भूगोल खोटा म्हणून फेकून देण्यापेक्षा त्याच्या दारातून नव्या भूगोलात प्रवेश करविणे, ही घाटावर पुराण सांगणाऱ्याची रीत आहे. श्रोता आहे तेथून त्याला उचलावे लागते, हे रमाबाई बालपणापासून जाणत होत्या. कलकत्त्याच्या पदव्यांनी वा चेल्टनहॅमच्या शिक्षणाने हे त्यांना शिकविलेले नव्हते.

या पाताळात सर्वच सुवर्णमय नाही. मूळ रहिवाशांच्या भूमीचे अपहरण, त्यांच्याशी केलेल्या करारांचा भंग, कृष्णवर्णीयांची गुलामगिरी आणि गुलामगिरी संपल्यावरही उरलेला वर्णद्वेष यांविषयी रमाबाई स्पष्ट लिहितात. स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार नाही, हा उणेपणाही त्या दाखवितात. दुसरीकडे इंग्रजी सत्तेविरुद्ध वसाहतींनी दिलेला लढा आणि त्या काळी तेथील लोकांनी इंग्रजी मालावर घातलेला बहिष्कार यांचे वर्णन येते, तेव्हा राष्ट्रीय सभेच्या आरंभकाळातील मराठी वाचकाने त्यातून काय घ्यावे हे वेगळे सांगावे लागत नाही. इंग्लंडमध्ये रमाबाईंनी अधिकारी पुरुषांच्या आज्ञेचा अनुभव घेतला होता. अमेरिकेत स्त्रिया आपल्या संस्था स्वतः चालविताना पाहिल्या. ग्रंथातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचे प्रकरण विस्ताराने व जिव्हाळ्याने लिहिले गेले, याचे मूळ या दोन अनुभवांच्या अंतरात आहे.

ग्रंथात काय नाही, हेही पाहावे लागते. धर्मांतराची कहाणी त्यात नाही. आईवडिलांचे दुष्काळातील मरण, भावाचा व पतीचा अंत, वाँटेजमधील आनंदीबाई भगत यांचे मरण, मुलीपासूनची ताटातूट, यांपैकी कशालाही ग्रंथाच्या मांडणीत स्थान नाही. रमाबाईंच्या प्रत्येक मोठ्या प्रवासाने सोबतचे एखादे माणूस हिरावून नेले होते. तरी लोकस्थिती सांगताना त्यांनी आपली स्थिती सांगितली नाही. हा संयम केवळ स्वभावाचा मानता येणार नाही. एका विधवेच्या दुःखाची कथा मराठी वाचकाने करुणेने ऐकली असती. राज्यघटना व उद्योगधंदे यांविषयी तिचे म्हणणे त्याने त्याच आदराने ऐकले असते, असे नाही. ज्ञान सांगण्याचा अधिकार राखण्यासाठी रमाबाईंनी आत्मकथनाचा मोह दूर ठेवला. स्वतःची कथा त्यांनी पुढे १९०७ मध्ये इंग्रजी साक्षीच्या रूपाने सांगितली. पण तेव्हा त्यांचा श्रोता बदलला होता आणि प्रयोजनही.

७

शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा आरोप होऊन वाद पेटला. ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. मराठी सुशिक्षित समाज आणि रमाबाई यांच्यातील संवाद येथे बव्हंशी तुटला. या विच्छेदात ग्रंथाचा वाचकवर्गही हरवला. ज्या समाजाला नव्या भूगोलाची ओळख करून द्यावी म्हणून तो लिहिला, त्या समाजाने ग्रंथकर्त्रीलाच आपल्या नकाशाबाहेर ठेवले.

रमाबाईंचा प्रवास मात्र थांबला नाही, त्याची दिशा बदलली. वृंदावनातील विधवांची दशा पाहण्यासाठी त्या साध्वीच्या वेषात तेथे गेल्या. पूर्वी ज्या क्षेत्री कन्या म्हणून पुराण सांगत हिंडावे, तशाच क्षेत्री आता शोधक म्हणून हिंडावे, असे हे दुसरे तीर्थाटन होते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व स्त्रियांना केडगाव येथे आणले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ‘मुक्ति’मधील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्यांचे आईवडील दुष्काळाने नेले, त्यांनी दुष्काळातल्या मुलींसाठी घर बांधले. १८९८ मध्ये असोसिएशनच्या दहा वर्षांच्या मुदतीनंतर त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. या दुसऱ्या प्रवासाचा ग्रंथ झाला नाही.

अखेरच्या पर्वातील मोठे वाङ्मयीन कार्य बायबलच्या मराठी भाषांतराचे. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि छपाईचे काम केडगावच्या मुद्रणालयात आश्रमातील स्त्रियांकडून करवून घेतले. या भाषांतरात हिंदू धर्मकल्पनांचा संस्कार असलेले शब्द टाळण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. १८८९ च्या ग्रंथात ‘पाताळ’ या पुराणशब्दाचा सेतू बांधणाऱ्या रमाबाईंनी उत्तरायुष्यात असे सेतू जाणीवपूर्वक काढून घेतले. भाषा सोपी राहिली, पण जुन्या श्रोत्याशी असलेले शब्दांचे नाते सुटले. त्यांच्या गद्याचा अभ्यास करणाऱ्याने या दोन टोकांमधील अंतर मोजणे आवश्यक आहे. कारण रमाबाई आणि मराठी समाज यांच्यातील दुराव्याचा इतिहास या शब्दनिवडीतही नोंदला गेला आहे.

१९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.

अमेरिकेविषयीचा ग्रंथ पुन्हा वाचकांसमोर यावयास शतक उलटावे लागले. ‘इंग्लंडचा प्रवास’ १९८८ मध्ये आणि ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुनर्मुद्रित केले. २००३ मध्ये मीरा कोसंबी यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेकडे पाहणाऱ्या आशियाई दृष्टीचा एक महत्त्वाचा दस्तऐवज म्हणून तो जगभरच्या अभ्यासकांपुढे आला. इंग्रजीतील अभ्यासकांना त्यात स्त्रीवादी व वसाहतविरोधी विचार प्राधान्याने दिसतो, आणि तो त्यात आहेच. मराठीच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक गोष्ट ऐकू आली पाहिजे : नदीच्या काठी पोथी उघडून बसलेल्या मुलीचा आवाज. तो भाषांतरात उतरणे कठीण, म्हणून त्याची नोंद मराठी वाङ्मयेतिहासानेच घ्यावयास हवी. लक्ष्मीबाईंनी पहाटे दिलेल्या पाठांपासून निर्णयसागरच्या टंकांपर्यंत आलेली ही कथनपरंपरा एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या घडणीचा भाग आहे. ग्रंथकर्त्रीने कोणता धर्म स्वीकारला, या प्रश्नाच्या उत्तराने तिचे मोल कमी-अधिक होत नाही.